खांबावरची सिग्नेचर

मानसानं घरात बसून धंदा करू नये. करायचाच आसल तर सासऱ्याला ऱ्हायला बोलवू नये. अजिनाथ खाटमोडेनं ह्या दोनी चुका एकाच वर्साला केल्या, तवा पुढं जे झालं त्यात नशिबाला बोल लावायचं काय कारन न्हाय.

अजिनाथ करतो काय, ते आधी सांगून टाकतो, म्हंजे तुमचं त्याच्या सासऱ्यासारखं व्हायचं न्हाय. टॉवेलवर, बेडशीटवर मोर, फुलं, येली असत्यात का न्हाय? त्या मागावर आपोआप उगवत न्हाईत. आधी कुनीतरी धागा न् धागा मोजून, बारीक चौकटीत रंग भरून त्याचं डिझाईन काढावं लागतंय. अजिनाथनं निम्मं आयुष्य एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हेच केलं. मग मालकाच्या पोरानं कारखान्याचं गोडाऊन केलं, आन् अजिनाथ कॉम्प्युटर घिऊन घरी आला. आता जो काम दील त्याचं काम. ह्याला फ्रीलान्सर म्हनत्यात. आडनाव खाटमोडे आन् धंदा बेडशीटचा, हा इनोद करमाळ्यापास्नं सोलापुरापतूर समद्यांचा करून झालाय. तुमी नका करू.

आप्पा म्हंजे अजिनाथचे सासरे, वैजयंतीचे वडील. माढ्याहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आले. डोळा बरा झाला, आप्पा ऱ्हायले. आन् बऱ्या झालेल्या डोळ्याला पयलं काय दिसलं आसल तर जावई. घरात. भर दुपारी. बनियनवर.

"पाव्हणं, आज बी सुट्टी का?"

"काम करायलोय, आप्पा."

"करा की. बसून करा."

रोज. कुनी भेटायला आलं, जावई काय करत्यात म्हनून इचारलं, की आप्पा खाली बघून सांगायचे, "घरी असतोय." आवाज असा, की समोरचा पुढं इचारायचाच न्हाय. एक जन तर जाताना आजाऱ्यासाठी म्हनून वैजयंतीच्या हातात पेरू ठिवून गेला.

असं चाललेलं आसताना पुन्याहून एक मेल आला. पुन्यात एक कंपनी हाय, हाटेलांना टॉवेल-चादरी पुरवती. तितल्या बुद्धप्रिया बनसोडे म्हनून मॅडम अजिनाथकडनं आधनंमधनं डिझाईन घ्यायच्या. त्यांनी लिवलेलं, "तुमचं काम मला आवडतं. सगळ्या वर्षाचं काम तुम्हालाच द्यावं असं मला वाटतं. शुक्रवारी साहेबांसमोर ठेवणार आहे. पण तुमच्या मेलखाली काहीच नसतं. साहेब विचारणार, हा माणूस कोण, करतो काय. प्रत्येक मेलखाली सिग्नेचर टाकत जा. नाव, काम, फोन. बास."

हा मानूस करतो काय. अजिनाथनं ते दोनदा वाचलं. हेच तर घरातल्या कॉटवरनं रोज इचारलं जात व्हतं. म्हनला, आता असं लिवतो, की पुन्याचे साहेब बी गप आन् माढ्याचे बी गप.

च्या उकळायच्या आत त्यानं लिवून काढलं. अजिनाथ खाटमोडे. टॉवेल-बेडशीटचं डिझाईन. फोन नंबर. तीन वळी. झकास. तितंच बटन दाबायचं की न्हाय? पन आपल्यातला मानूस हाताला यश आलं की बायकोला हाक मारतोय.

वैजयंती पिठाच्या हातानं आली, स्क्रीनकडं बघितलं आन् म्हनली, "एवढंच? आवो, गिरनीवाल्याच्या पाटीवर ह्याच्यापेक्षा जास्त मजकूर असतोय. देवाचं नाव कुटंय?"

"अगं, हे मेलच्या खाली असतंय."

"म्हंजे करमाळ्याची कमलाभवानी खाली ठिवायची? पत्राच्या बुडाला?"

"ठिवायचीच न्हाय म्हनतोय मी."

"वर्साचं काम मागायलाय आन् देवीला ठिवायचीच न्हाय," असं वैजयंती म्हनली, आन् ती काय अजिनाथला म्हनली न्हाय, भिंतीपल्याडच्या केसरबाईला म्हनली. केसरबाई खवनी मागायला निघालेलीच व्हती. तिनं खवनी बाजूला ठिवली.

"फोटू कुटंय?" केसरबाई म्हनली. "फोटूबिगर मी तर जावयाचा बी मेसेज उघडत न्हाय."

तवर आप्पा कॉटवरनं उठले. डोळा बरा झाला तरी हिरवी पट्टी काडलेली न्हाय, एका डोळ्यानं वाचायलेत. "हुद्दा?"

"हुद्दा न्हाय आप्पा. मी सोताच हाय."

"सोता तर मी बी हाय. मला कोन काम देतंय का?"

अजिनाथ गार झालेला च्या प्यायला गेला.

सांजच्याला दिग्विजय आला. वैजयंतीच्या भावकीतला पोरगा, कोपऱ्यावर फ्लेक्सचं दुकान. वार्डात कुनाचा वाढदिवस, कुनाची निवड, कुनाचं पुन्यस्मरन, दिग्विजयच्या मशीनवरनं गेल्याबिगर ते झालं असं धरत न्हाईत. अजिनाथला दाजी म्हनतो, आन् दाजींकडनं पैसं घेत न्हाय. फुकट काम करनाऱ्या मानसाला आवरता येत न्हाय, हे ध्यानात ठिवा.

"दाजी, हे असलं काम घरी करायचं असतंय का? चला दुकानात. हुद्द्याचं मी बघतो. संस्थापक अध्यक्ष लावू."

"कशाचा?"

"ते आजवर कुनी इचारलेलं न्हाय."

दुकानात गेल्यावर दिग्विजयनं पयला सवाल केला, "साईज?"

"मेलखाली बसंल एवढी."

"आपल्याकडं सहा बाय चारपास्नं सुरू व्हतंय."

"इंच?"

दिग्विजयनं असं बघितलं, की अजिनाथनं पुना साईजचं नाव काडलं न्हाय.

मग फोटू. अजिनाथचा आधार कार्डावरचा फोटू दिग्विजयनं मानेपाशी कापला आन् एका तयार धडावर बसवला. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, हात जोडलेलं. म्हनला, "ह्या धडावर निम्म्या वार्डाची डोकी बसवल्यात मी. कुनालाबी शोभतंय."

"बोटात अंगठ्या कुनाच्या?"

"त्या मूळ धडाच्या."

वर कमलाभवानी प्रसन्न. मागं उगवता सूर्य. हुद्द्यावर मातर अजिनाथ अडून बसला, संस्थापक अध्यक्ष न्हाय म्हंजे न्हाय. मग 'टॉवेल-बेडशीटचं डिझाईन' ती वळ दिग्विजयला फार लांब वाटली, पांढऱ्या शर्टावर आडवी यायली व्हती, म्हनून त्यानं ती काडली आन् 'डिझाईन' एवढंच उजव्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात ठिवलं. खाली फोन नंबर, भला थोरला. अजिनाथला म्हाईत व्हतं की मेलच्या शेवटाला काहीतरी नमस्कार-चमत्कार असतोय. म्हनला, तसं काय तरी टाक. दिग्विजयनं टाकलं, 'सदैव आपलाच'. मग घरी यून कॉम्प्युटरमदी अशी बसवून दिली, की मेल लिवला की आपोआप खाली येनार. "तुमी नको म्हनला तरी येनार," हे त्यानं छाती फुगवून सांगितलं.

ऱ्हायलं काय, तर दिग्विजयनं मोबाईलवर नमुना धाडला, आन् अजिनाथनं खाली लिवलं, "ओके."

आता फ्लेक्सच्या धंद्यात एक रीत हाय. गिऱ्हाइकाचा ओके आला की डिझाईन मशीनला लावायचं, छापायचं, काठ्या ठोकायच्या आन् जागेवर चढवायचं. ओके म्हंजे ओके. पुना इचारायची पद्धत न्हाय. दिग्विजयनं आयुष्यात आजवर दुसऱ्या कुटल्या कारनासाठी ओके घेतलेला नव्हता. त्यानं रीतीपरमान केलं आन् सकाळच्या गाडीनं दुधनीला कुनाच्या तरी लग्नाचं फ्लेक्स बांधायला निघून गेला.

सकाळी अजिनाथनं मॅडमना मेल लिवला, बटन दाबलं. मेल जाईना. गोल गोल फिरायलंय. सहा बाय चारचं मानूस शेपटाला बांधलेलं, जाईल कसं? बघू म्हनून तो दूध आनायला चौकात गेला.

चौकातल्या खांबावर तो सोताच व्हता. हात जोडून. मागं सूर्य. बोटात तीन अंगठ्या. खाली 'सदैव आपलाच'.

आता तुमीच सांगा. चौकात मानसाचा फोटू लागला तर कारन असतंय. वाढदिवस असतो, निवड असती, न्हायतर हार घातलेला असतो. अजिनाथच्या फोटूला कारनच नव्हतं. आन् बिगरकारनाचा, हात जोडलेला, हसरा फोटू खांबावर आला, त्यात पालिकेच्या निवडनुकीचं वारं सुटलेलं, तर सोलापुरातलं शेंबडं पोरगं बी सांगंल की मानूस उभा ऱ्हायला.

दूधवाल्यानं पिशवी दिली आन् हळूच म्हनला, "आधी बोलायचं तरी. आमी का परके हाय?"

घरी पोचायच्या आत फोन सुरू झाला. पानी चार दिवसांनी येतंय. पानी आलं पन वास येतोय. गटार तुंबलंय. कुत्री वाढल्यात. एक बाई म्हनली, मालक पितोय, त्याचं काय तरी करा. अजिनाथ प्रत्येकाला सांगायचा, "आवो, ती माझी सिग्नेचर हाय." पलीकडनं यायचं, "तुमची सिग्नेचर असूद्या की, पन पान्याचं बघा."

दारात केसरबाई उभी. "सख्खी शेजारीन मी, आन् मला खांबावरनं कळावं. असू दे. आपल्या गल्लीतला दिवा तेवढा लाव."

त्यात इंद्रजीत बुलेट घिऊन आला. ह्यो तीन वर्सांपास्नं उभं ऱ्हायच्या तयारीत, वार्डातला पक्का. गाडी बंद न करताच म्हनला, "काका, उभं ऱ्हावा, लोकशाही हाय. पन त्यो खांब माझा हाय. शिवजयंतीपास्नं दिवाळीपतूर मी कुनाला तितं चढू दिलेलं न्हाय."

"घे बाबा तुझा खांब. आत्ता घे."

"असं कसं? मी काडला तर लोक म्हनतील इंद्रजीत घाबरला." आन् भुर्र करून गेला.

आन् ह्या समद्यात आप्पा. काय सांगू. आप्पा माढ्याला ग्रामपंचायतीत एकदा निवडून आलेले आन् नंतर कैकदा पडलेले. तेवढं रक्त पुना तापलं. दाढी केली, फेटा मागवला, कॉट वढून दारात घेतली. येईल त्याला, "बसा, च्या घ्या. माझा जावई हाय." इतक्या दिसांत आप्पांनी जावई हा शब्द असा ताठ मानेनं उच्चारलेला अजिनाथनं पयल्यांदा ऐकला. ऐकून बरं वाटलं, आन् बरं वाटल्याबद्दल लगेच वंगाळ वाटलं. कारन मान मिळाला तो मिळाला, पन तो त्या धडाला मिळाला. अंगठ्यावाल्या.

"आप्पा, मी उभा न्हाय."

"म्हाईत हाय," आप्पा डोळा मिचकावून म्हनले. "शेवटापतूर असंच म्हनायचं असतंय."

मग अजिनाथनं शेजारची शिडी आनली आन् चौकात गेला फ्लेक्स उतरवायला. दोन पायऱ्या चढला न्हाय तवर खाली मानसं जमली. "काका, कुनी दबाव आनला का? नाव सांगा नुसतं." चौघांनी शिडी धरून त्याला मानानं खाली उतरवला. एकानं गुलाल आनू का म्हनून इचारलं.

दिग्विजयला फोन लावला. दुधनीकडं गेलं की कर्नाटकाची रेंज लागती. कानडीत एक बाई बोलायची, आन् ठेवायची. अजिनाथनं तिला बी सांगून बघितलं.

दिस मावळतीला मॅडमचा मेल आला. "तुमचा फोन सारखा एंगेज येतोय, मेलला उत्तर नाही. तुम्हाला हे काम नको आहे का? उद्या बाराला साहेबांसोबत बैठक आहे." अजिनाथनं उत्तर लिवलं, खाली सूर्य उगवला, आन् मेल गोल गोल फिरत बसला. सिग्नेचर काडायची कशी ते दिग्विजयला म्हाईत, आन् दिग्विजय कानडीत गेलेला. मोबाईलवरनं फोन लावावा म्हनलं, तर नंबर फिरवायच्या आत गटार तुंबल्याचा कॉल आत यायचा. एका सिग्नेचरनं मानसाची दोनी तोंडं बंद केली. आन् तिचं काम काय, तर मानसाची वळख करून देनं.

शुक्रवारी सकाळी फ्लेक्स तरी उतरू दे, फोन तरी मोकळा व्हईल, म्हनून तो पालिकेच्या झोन हापिसात गेला. मोबाईल रातभर वाजून वाजून मेला व्हता, तो घरी चार्जिंगला ठिवला. हापिसातला बाबू लई सभ्य. खुर्ची दिली.

"तुमचाच फ्लेक्स काडा म्हनून तुमीच आला? असा मानूस पयलाच बघतोय. बरं, प्रकार कोनता लिवू? वाढदिवस, निवड, सन, का श्रद्धांजली?"

"ह्यातलं कायच न्हाय. ती ईमेलच्या खालची सिग्नेचर हाय."

बाबूनं चष्मा काडला, पुसला, घातला. "मग ईमेलच्या खाली लावायची की. खांबावर कशाला?"

तुमाला सांगतो, एवढ्या सगळ्या गोंधळात शहान्यासारखं बोलला तो एकटा बाबू. पन प्रकार ठरल्याबिगर त्याला बी पुढं सरकता यीना. शेवटी 'इतर' लिवायचं ठरलं, तर 'इतर'चे सायेब रजेवर. अजिनाथ भर उन्हात चालत घराकडं निघाला. पावनेबारा वाजले व्हते. वर्साचं काम गेलं असं त्यानं मनात धरलं, आन् चौकात सोताच्या फोटूकडं न बघता पुढं गेला. फोटू मातर हात जोडूनच व्हता.

दारापाशी आला तर आप्पा कॉटवर, फेटा बांधून, अजिनाथचा मोबाईल तळहातावर आडवा धरून बोलायलेत. आप्पा फोन कायम स्पीकरवर लावत्यात, कारन त्यांच्या मते कानाला लावल्यावर आवाज चोरला जातोय.

"वार्ड कोनता तुमचा?" आप्पा इचारत व्हते.

"मी पुण्याहून बोलतेय. बुद्धप्रिया बनसोडे."

"पुन्याचं पानी आमच्याकडं न्हाय. तितल्या मानसाला धरा."

"पाण्याचं नाही हो. अजिनाथ खाटमोडे आहेत का? कालपासून प्रयत्न करतेय."

"हापिसात गेल्यात," आप्पा म्हनले. अजिनाथ पायरीवर थबकला. त्यानं फोन घ्यायला हात पुढं केला, तर आप्पांनी त्याला हातानंच गप बसवला, जसं बारकं पोरगं मधी आल्यावर बसवत्यात.

"आपण कोण?"

"सासरा."

"बरं झालं. मला पाच मिनिटांत आत जायचंय. एवढंच सांगा, ते नक्की करतात काय?"

झालं. आप्पांचा दुखरा दात तोच. निवडनूक इसरले, फेटा इसरले. पुन्याची परकी बाई, हिला खरं सांगायला काय हरकत, असं वाटलं आसल.

"काय करतोय म्हनून सांगू, बाई. घरी असतोय. सकाळी उठला की त्या डब्यापुढं बसला. जेवायला तीनदा हाक मारावी लागती. ठिपकं भरतोय दिसभर. परवा एका मोराच्या पिसाऱ्यापायी ताट तसंच ऱ्हायलं. म्हनतो एक धागा हुकतोय. मी म्हनलं, मर्दा, टॉवेल हाय त्यो, लोक त्यानं ढुंगान पुसनार, त्यांना धागा दिसतोय का? तर म्हनतो, आप्पा, मला दिसतोय."

अजिनाथनं डोळं मिटले.

"दुसरीकडे कुठे कामाला जातात?" मॅडमनी इचारलं.

"कुटं जातोय त्यो. लग्नाला चल म्हनलं तर येत न्हाय. करमाळ्याला देवीच्या जत्रेला गेला, तर तितं बी साड्यांचं काठ बघत बसला. लाज आनली."

"म्हणजे कधीही फोन केला तरी घरीच भेटतील?"

"बाई, घरातनं हलवून दावा, माझ्याकडनं तुमाला जेवान."

फोनमधनं हसल्याचा आवाज आला. "आमचा आधीचा माणूस महिनोन्महिने सापडत नव्हता हो. त्याच्याच पायी साहेब बाहेरच्या माणसाला घाबरतात. मला हेच सांगायचं होतं त्यांना. जाते आता आत."

तासाभरानं पुना फोन आला. तो अजिनाथनं उचलला, कारन आप्पा फेटा सोडून जेवायला बसले व्हते. काम मिळालं. सबंध वर्साचं. मॅडम म्हनल्या, "पण ती सिग्नेचर तेवढी टाका हो. आमच्या सिस्टीमला लागते."

आप्पा शेंगाचटनी भाकरीवर घिऊन म्हनले, "खुळी बाई हाय. एवढं वंगाळ सांगितलं तुमच्याबद्दल, तरी काम दिलं."

सांजच्याला दिग्विजय कानडीतनं परत आला. त्यानं फ्लेक्स उतरवला, उतरवताना दोघा-तिघांनी अजिनाथचं माघार घेतल्याबद्दल सांत्वन केलं. इंद्रजीतनं तर पेढं धाडलं. फ्लेक्स चांगल्या जाड कापडाचा, टाकवंना, म्हनून केसरबाईनं मागून घेतला आन् गच्चीवरच्या पान्याच्या पिंपावर घातला. पानी आलं की ती अजिनाथला तोंडावरनं धरून उचलती आन् पानी गेलं की पुना झाकती. देवीचं नाव तेवढं वैजयंतीनं आधी कातरीनं कापून घेतलं.

कॉम्प्युटरमधला सूर्य बी दिग्विजयनं काडला. म्हनला, "दाजी, मग आता काय टाकायचं?" अजिनाथनं त्याला उठवून भाईर काडला, दार लावलं, आन् सोता बसून लिवलं. तीन वळी. ह्या खेपंला फोन नंबर टाकला न्हाय आन् बायकोला हाक बी मारली न्हाय.

पन आप्पा जेवून उठलेलेच व्हते. खुर्चीमागं यून उभे ऱ्हायले, पट्टी वर केली आन् बऱ्या डोळ्यानं सावकाश वाचलं.

अजिनाथ खाटमोडे.
टॉवेल-बेडशीटचं डिझाईन.
घरीच असतो.

आप्पांनी बराच येळ मान हलवली.

"आता हुद्दा बरोबर लिवला," ते म्हनले, आन् कॉट दारातनं वढून परत आत घ्यायला लागले.